डोळा मिचकावणारा फोन

"हा नको." उकंडरावांनी पाचवा फोनही काउंटरवरून मागे सरकवला. "डोळा मिचकावणारा दाखव."

अदीबा त्यांच्याकडे बघतच राहिली. मलकापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं मोबाईलचं दुकान होतं. नवे फोन ती विकायची, जुने उघडून दुरुस्त करायची. बारा वर्षांत लोकांनी तिच्याकडे मोठ्या आवाजाचा फोन मागितला होता, दोन सिमचा मागितला होता, पाण्यात पडला तरी चालणारा मागितला होता. डोळा मिचकावणारा फोन मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"म्हणजे कसा, चाचा?"

"अवं, फोन येऊन गेला अन् आपण उचलला नाही, का मंग वरच्या कोपऱ्यात बारकासा लाइट लागते. लागते, विझते, लागते, विझते. आपण फोन हाती घेत नाही तोवर ऐकत नाही तो. माह्या जुन्या फोनले होता."

"त्याचं काय झालं?"

"ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेला." हे उकंडरावांनी घरातलं कोणी गेल्यावर माणसं सांगतात तशा आवाजात सांगितलं.

"चाचा, आता कंपन्यायनं तो लाइटच काढून टाकला. काच एवढी मोठी केली का लाइटले जागाच राह्यली नाही. अन् गरज बी काय त्याची? फोन वाजते, थरथरते, काच उजळते."

"अन् विझते!"

"बरं, हे पाहा." अदीबानं सहावा फोन घेतला आणि आपल्या फोनवरून त्याला रिंग दिली. पाठीमागचा टॉर्च लखलख करू लागला. "आता?"

"हा तं वाजतपर्यंतच चमकते. मी काय दिवसभर फोनसमोर आरतीले उभा राहू? पाव्हणा घरी आला, दाराले कुलूप पाहून गेला, तं आपण घरी आल्यावर शेजारच्यानं सांगावं का नाही? तो लाइट म्हणजे आपला शेजारी व्हय, पोरी. एवढा कामाचा माणूस कंपनीनं काढला काऊन?"

उकंडराव जिनिंगमध्ये फिटर होते. गावाबाहेर हायवेच्या कडेला जे जिनिंग आहे, जिथं कापसातून सरकी वेगळी होऊन रुई निघते, तिथं ते एकतीस वर्षं मशीन सांभाळत होते. चोवीस मशीन एका हॉलमध्ये, आणि सगळी एकदम चालू झाली की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसते ओठ हललेले दिसतात. फोनची घंटी तिथं ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. थरथर म्हणावी, तर पायाखालची फरशीच दिवसभर थरथरत असते. खिशातल्या फोनची थरथर त्यात कुठली कळणार? उरला लाइट. हे सगळं त्यांनी अदीबाला नीट समजावून सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं असं, की घंटी त्यांना जिनिंगच्या बाहेरही ऐकू येत नव्हती. बारीक आवाज आधी गेले. एके दिवशी अन्नपूर्णाबाईंनी शेजारी जाताना सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. उकंडराव कुकरसमोर पेपर वाचत बसले आणि भाताचा कोळसा झाला. त्याला आता आठ वर्षं झाली. तेव्हापासून हे गुपित नवरा-बायकोच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. समोर उभं राहून कोणी बोललं तर ओठ पाहून त्यांना कळायचं, फोन डाव्या कानाला गच्च दाबला तर तेही कळायचं. पाठीमागून हाक आली तर मात्र ती आलीच नाही असं समजायचं.

एरवी हे खपून गेलं असतं. पण आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं तालुक्यातला कापूस खाल्ला होता. बीटी बियाण्याला अळी लागत नाही या भरवशावर राहिलेल्या लोकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातले, आणि या वर्षी बऱ्याच जणांनी कापूस लावलाच नाही. जिनिंगची चोवीसपैकी चौदाच मशीन चालू होती. दोन फिटरांपैकी रंगराव दिवाळीलाच घरी बसले. मॅनेजर वामनराव आता आत माणूस पाठवण्याऐवजी सगळं फोनवर कळवायचे: ओला कापूस आलाय, सात नंबर थांबवा, बाहेर या. जुना फोन चाकाखाली गेल्यापासून असे दोन फोन उकंडरावांनी चुकवले होते, आणि दुसऱ्या वेळी वामनराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, "उकंडराव, अजून एकडाव असं झालं तं गेटवर बसवतो तुमाले."

गेटवर म्हणजे स्टुलावर. ज्या माणसानं एकतीस वर्षं एकेक मशीन खोलून पुन्हा जुळवलं, त्यानं ट्रकचे नंबर लिहायचे. उकंडरावांना दुसरं काही मागायचं नव्हतं. हॉलमध्ये राहू द्या, एवढंच.

अदीबा काउंटरखाली वाकून जुन्या फोनचा खोका धुंडाळत होती. वाकल्या वाकल्या तिनं विचारलं, "चाचा, चहा घेता का?" उत्तर नाही. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. ती वर आली तेव्हा उकंडराव तिच्या तोंडाकडे पाहून मोठ्या ठसक्यात म्हणाले, "बराबर हाये तुहं."

अदीबा हसली नाही. तिनं उजव्या हाताची मूठ छातीसमोर धरून उघडली, पुन्हा मिटली, आणि भुवया उडवल्या.

उकंडरावांनी विचारही न करता दहा बोटं तीनदा दाखवली आणि वर एक. आणि मग त्यांचे हात तिथंच थांबले. उमलणारी मूठ म्हणजे कापूस, म्हणजे हंगाम. भुवया म्हणजे किती. ही बोली जिनिंगमधली होती. दिवसभर एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून बायकामाणसांनी हातांनी बोलत बोलत आपोआप तयार केलेली. ती स्टेशन रोडवरच्या दुकानात कशी आली?

"माही अम्मी," अदीबा त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. "खुर्शीदा. सहा नंबरवर होती."

"खुर्शीदाबाईची पोरगी तू?"

"आमच्या घरी अजूनबी जेवताना सगळे हातानंच बोलतात. अम्मीले ऐकू येत नाही म्हणून आधी अब्बू चिडत. मंग आमीच शिकलो."

उकंडरावांनी दुकानात दुसरं कोणी नाही ना, हे एकदा पाहून घेतलं. "कोणाले सांगू नको, बाई."

"काय सांगू? तुमाले डोळा मिचकावणारा फोन पायजे, एवढंच तं मले मालूम हाये." तिनं खोक्यातून एक काळा, कोपऱ्यावर टवका उडालेला फोन काढला. "कोणाचा तरी जुना हाये. याले लाइट हाये, अन् रंगबी लावता येतात. घरचा कोणता लावू?"

"हिरवा."

"बाकीच्यायचा निळा. अन् मॅनेजरचा?"

"लाल लाव! दुरून दिसला पायजे."

दोघांपैकी एकाच्याही मनात त्या वेळी काही आलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस उकंडराव जिनिंगमध्ये असे फिरले की जणू मालक तेच. मशीनवर वाकलेले असताना मधूनच शर्टाच्या खिशाकडे डोळा टाकायचा, लाल मिचकावताना दिसलं की सावकाश हात पुसत हॉलबाहेर ओट्यावर यायचं, फोन डाव्या कानाला दाबायचा आणि म्हणायचं, "बोला साहेब, कामात होतो." वामनराव एकदा म्हणाले, "आता बरा उचलता फोन." उकंडराव म्हणाले, "फोन बरा असला का माणूस बरा उचलते." घरी अन्नपूर्णाबाईंना त्यांनी हिरवा लाइट तीनदा दाखवला. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "माह्या तोंडाकडे तरी एवढ्या कौतुकानं पाहाचं होतं कधी!"

हॉलमध्ये चौदा मशीनवर चौदा बाया. पहिल्या ओळीत सर्वांत जुनी जनकाबाई, बावीस हंगाम झालेली. जिनिंगच्या हातबोलीतले निम्मे शब्द तिनंच काढलेले, आणि त्यातले काही चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. तिच्या शेजारी या वर्षी नवी आलेली संजीवनी. जळगाव जामोदकडची, तिशीची, अंगानं काटक. चार एकर कपाशी होती तिची. गेल्या वर्षी बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी, म्हणून पीक मोडलं, आणि आता दुसऱ्यांचा कापूस मशीनला भरायला ती मलकापुरात येऊन राहिली होती. कापूस हातात घेतला की ती आधी त्यात अळीनं खाल्लेल्या बोंडाची पिवळी, किडकी कवडी शोधायची. जनकाबाईनं तिला खुणेनं कितीदा सांगितलं की ते आपलं काम नाही. सवय जात नव्हती.

जानेवारीतली दुपार होती. संजीवनीच्या अकरा नंबरचा रोलर तापत होता. उकंडरावांनी मशीनच्या अंगावर तळवा ठेवला आणि त्यांना ते लगेच कळलं. सुरी जास्त दाबली गेली होती. असा तापलेला रोलर म्हणजे ठिणगीला आमंत्रण, आणि जिनिंगमध्ये ठिणगी म्हणजे सगळं संपलं. ते खाली वाकले, सुरी ढिली केली, पुन्हा हात लावून पाहिला, समाधान झालं तेव्हा उठून हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या मशीनकडे गेले. वाकताना शर्टाच्या खिशातून फोन सटकला आणि मागच्या कापसाच्या ढिगात गडप झाला, हे त्यांना कळलं नाही. कळणार कसं? आवाज व्हायला तो फरशीवर तरी पडायला हवा होता, आणि तसा झाला असता तरी ऐकणार कोण?

त्याच वेळी वामनरावांनी ऑफिसातून फोन लावला. कोणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. मग ते खुर्चीतून उठले.

संजीवनीनं नव्या कापसाचं कवळं भरायला ढिगात हात घातला आणि तिला आत, बोटभर खोल, लाल दिसलं. पांढऱ्या कापसाखाली लाल. ते विझलं. पुन्हा पेटलं.

"आग!" ती ओरडली. "आग लागली वं माय, आग!"

तिच्या शेजारी जनकाबाई शांतपणे मशीन भरत होती. संजीवनीनं तिचा दंड धरून तिला गर्रकन फिरवलं आणि ढिगाकडे बोट दाखवलं. जनकाबाईनं एकदाच पाहिलं. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि दहाही बोटं ज्वाळांसारखी नाचवली. एका क्षणात तेच हात दुसऱ्या ओळीत वर गेले, मग तिसऱ्या. हॉलच्या त्या टोकाला उकंडरावांनी ते पाहिलं आणि साठीला आलेला हा माणूस पोरासारखा धावला. त्यांनी मेन स्विच खाली ओढला, ड्रममधून बादली भरली आणि ढिगावर ओतली. दुसरी ओतली. तिसरी जनकाबाईनं दिली, चौथी संजीवनीनं. ढिगाचा पार लगदा झाला. लाल अजून लागत होतं, विझत होतं.

"मरत काऊन नाही हे?" म्हणत उकंडरावांनी सरळ हात आत घातला. जळला तर जळला.

हात बाहेर आला तेव्हा त्यात त्यांचा स्वतःचा फोन होता. पाणी गळत होतं, आणि कोपऱ्यातला डोळा अजून मिचकावत होता.

आधी जनकाबाई हसली. पोट धरून खालीच बसली. मग सगळा हॉल हसायला लागला. उकंडराव ढिगासमोर उकिडवे बसले होते, दाराकडे पाठ करून, आणि फोन शर्टाला पुसत होते. तेही हसत होते. मालकाचा कापूस भिजला ते वाईट झालं, पण जिनिंग जळता जळता वाचलं नाही, कारण ते जळतच नव्हतं, यासारखी चांगली बातमी दुसरी कोणती?

आणि मग त्यांना संजीवनीचा चेहरा दिसला. ती हसायची थांबली होती आणि त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होती. बाकीच्या बाया अजून हसत होत्या. एकटी तीच पाहत होती. तिनं एकदा उकंडरावांकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे, आणि तिच्या कपाळावर आठी आली.

उकंडराव वळले. दारात वामनराव उभे होते, मानेच्या शिरा फुगलेल्या, तोंड उघडं. ओठांवर उकंडरावांचंच नाव होतं, आणि ते पहिल्यांदा हाक मारणाऱ्या माणसाचे ओठ नव्हते.

तेव्हा उकंडरावांच्या ध्यानात आलं, की मशीन बंद आहेत. आठ वर्षं ज्या गोंगाटात ते लपून होते, तो त्यांनी आपल्याच हातानं बंद केला होता.

वामनराव पुढ्यात येऊन थांबले. "किती आवाज देऊन राह्यलो मी! पाच हाका मारल्या. ऐकू येत नाही का तुमाले?"

सांगायला पुष्कळ होतं. गडबडीत होतो. डोक्यात आग होती. बाया हसत होत्या. यातलं कुठलंही चाललं असतं, आणि असली कारणं उकंडरावांनी आठ वर्षं खिशात बाळगली होती. पण त्या क्षणी त्यांना त्या कारणांचा कंटाळा आला. साफ कंटाळा.

"नाही येत," ते उठत म्हणाले.

"काय?"

"ऐकू येत नाही. आठ वर्षं झाली. तुमी समोर हाये, तुमचं तोंड दिसते, म्हणून कळून राह्यलं."

हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. वामनराव वाईट माणूस नव्हते, ते गोंधळले. "मंग सांगतलं काऊन नाही? बहिरा फिटर मी मशीनवर कसा ठेवू? फिटरले आवाजावरून समजते सगळं. उद्यापासून गेटवर बसा तुमी. पगार कमी करत नाही मी."

"गेटवर बसून काय करू, साहेब?" उकंडरावांचा आवाज जरा चढला, कारण आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळत नव्हतं. "गेटवर ट्रकचा हॉर्न ऐकू यावा लागते. मागून ट्रक आला तं मी चाकाखाली जाईन, माह्या फोनसारखा. तुमच्या अख्ख्या जिनिंगमंदी हा एकच हॉल असा हाये, का जथी कोणालेच काही ऐकू येत नाही. अथी मी तुमच्या सगळ्यायच्या बरोबरीचा हाये. अन् तुमी मले अथूनच काढता?"

वामनरावांनी त्यांना हातानं थांबवू पाहिलं, पण उकंडराव थांबले नाहीत.

"आठ वर्षांत माह्या हातानं एक बेरिंग जळली का, सांगा. मी आवाज ऐकत नाही, अंगाले हात लावतो. अन् मी एकटा हाये का?" उकंडराव मागं वळले. "तुमी मारल्या त्या पाच हाका यायच्यातल्या कितीजणीनं ऐकल्या, ते पाह्यलं का तुमी? तुमी आले तवा कोणी मान वळवली?"

वामनरावांनी बायांकडे पाहिलं. मान वळवली होती ती एकट्या नव्या संजीवनीनं, हे त्यांना आठवलं असावं. मग त्यांनी ओल्या ढिगाला चपलेनं उगाच डिवचलं.

"मंग निरोप कसा द्याचा तुमाले?"

"आत याचं. पन्नास पावलं हायेत ऑफिसापासून. समोर उभं राहून हातानं सांगाचं. येत नसंल तं जनकाबाई शिकवते. फकस्त तिच्याजवळून शिव्या शिकू नका."

जनकाबाईला आपलं नाव ओठांवर दिसलं. तिनं भुवया उडवल्या. कोणीतरी तिला खुणेनं सांगितलं, आणि तिनं मॅनेजरला जी खूण करून दाखवली तिचा अर्थ बरं झालं त्यांना कळला नाही.

"हा कापूस उन्हात वाळत घाला," वामनराव म्हणाले. दारापर्यंत गेले. तिथं थांबून वळले, उकंडराव आपल्याकडे पाहतायत ना याची खात्री केली, आणि हात उंच करून हवेत गोल फिरवला. चालू करा. खूण बरोबर नव्हती, पण समजली.

उकंडराव स्विचकडे निघाले आणि मध्येच थांबले. संजीवनी कापूस भरायला पुन्हा आपल्या मशीनवर चढत होती. पाचही हाका जिनं ऐकल्या होत्या ती. दोन महिने झाले होते तिला इथं येऊन.

त्यांनी बाजूच्या ढिगातून चिमूटभर रुई उचलली, स्वच्छ, सरकी नसलेली. तळव्यावर घोळून तिचे दोन घट्ट बोळे केले आणि तिच्यासमोर धरले.

"काय हे, मामा?"

"कानात घाल. रोज घालत जा. फार नाही, पण थोडं अडवते."

संजीवनीनं बोळ्यांकडे पाहिलं, मग भोवतीच्या कापसाकडे, छपरापर्यंत रचलेल्या. "तुमी काऊन नाही घालत?"

"सुचलंच नाही पोरी," उकंडराव म्हणाले. "एकतीस वर्षं याच्यातच उभा हाये, अन् सुचलंच नाही."

तिनं बोळे घातले. नीट बसले की नाही ते त्यांनी वाकून पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या दंडाला कोणीतरी बोट लावलं. जनकाबाई. तिनं संजीवनीचे कान पाहिले होते, आणि आता ती आपला तळवा पुढं करून उभी होती. मलाही.

उकंडराव तिच्या तळव्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आणखी रुई उचलली, मघापेक्षाही काळजीनं दोन बोळे वळले आणि तिच्या हातावर ठेवले. तिनं ते कानात घातले, पदर सारखा केला आणि मशीनवर चढली. उकंडरावांनी स्विच वर केला.